झेल्मा आणि न मिटणारा वस्तरा

लग्नाला पन्नास वर्षं पूर्ण व्हायला सतरा दिवस उरले असताना आर्टुर एव्हर्ट्झनं दाढी करायचं बंद केलं.

पहिले दोन दिवस झेल्मानं दुर्लक्ष केलं. त्र्याहत्तर वर्षांच्या नवऱ्याच्या हनुवटीकडे रोज बघितलंच पाहिजे असं काही नसतं. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, तेव्हा आर्टुरनं ड्रॉवरमधून आपला वस्तरा काढला, तिच्यासमोर टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "वास घे."

वास येत होता खरा. आंबट, कापरासारखा, नाकात चढणारा. वस्तऱ्याची मूठ सेल्युलॉइडची होती, एके काळी कासवाच्या पाठीसारखी पिवळी-तपकिरी. आता तिला हिरवट घाम सुटला होता आणि बोट लावलं की चिकटत होतं. मुठीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जिथं पातं मिटून बसतं, तिथं पात्यावर गंजाचे ठिपके उठले होते. खुब्याचं हाड मोडल्यामुळे आर्टुर सहा आठवडे इस्पितळात होता. तिथली नर्स त्याची दाढी करायची आणि इकडे वस्तरा ड्रॉवरमध्ये मिटून पडला होता. जुनं सेल्युलॉइड असं सडतं आणि सडताना शेजारच्या पोलादालाही खातं, हे झोलिंगनसारख्या सुऱ्या-वस्तऱ्यांच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

"पोलिगनं खाल्लं माझं पातं," आर्टुर म्हणाला.

"गुस्तावनं? त्याला कवळी आहे बिचाऱ्याला. पाव बुडवून खातो."

"मूठ कुणी बसवली होती? त्यानंच ना?"

मूठ गुस्ताव पोलिगनंच बसवली होती, चाळीस वर्षांपूर्वी. या गावात वस्तरा कुणी एक माणूस करतच नाही. एक जण तो घणाखाली घडवतो, दुसरा त्याला भट्टीतून काढून पाणी देतो, तिसरा शाणेवर घासतो, चौथा मूठ बसवतो. आणि वस्तरा म्हणजे आपलंच काम, बाकीचे इकडचं तिकडे करणारे, असं चौघांचंही प्रामाणिक मत असतं. आर्टुर शाणेवरचा. गुस्ताव मुठीवाला. दोघं शाळेत एका बाकावर बसलेले आणि पुढं आयुष्यभर शेजारी राहिलेले. मधे कमरेएवढ्या झुडपांचं कुंपण. त्या कुंपणावरून पन्नास वर्षं बटाटे, वर्तमानपत्र, आजारपणातलं सूप आणि शिव्या यांची ये-जा चालू होती.

आर्टुर काठी टेकत कुंपणापाशी गेला. पलीकडे गुस्ताव कोबीला पाणी घालत होता.

"पोलिगसाहेब," आर्टुर म्हणाला.

गुस्तावनं मागं वळून पाहिलं, दुसरा कुणी पोलिग आलाय की काय म्हणून.

"तुमच्या मुठीनं माझं पातं खाल्लं."

"तुमच्या?" गुस्ताव म्हणाला. "बरं वाटतंय ना तुला? सेल्युलॉइड कारखान्यानं दिलं होतं, मी नुसतं बसवलं. आणि चाळीस वर्षं टिकलं की! चाळीस वर्षांत माझे दात गेले, केस गेले, बायको गेली. मूठ तेवढी अमर पाहिजे होय तुला?"

"पातं अमर होतं."

"तुझं पातं?" गुस्तावनं झारी खाली ठेवली. "तुझ्या पात्यांबद्दल मी एकदा तोंड उघडलं ना, आर्टुर—"

इथं त्याची नजर आर्टुरच्या खांद्यावरून मागं गेली. स्वयंपाकघराच्या दारात झेल्मा उभी होती. तिनं काही केलं नाही, फक्त पाहिलं. गुस्तावनं झारी उचलली, "कोबी सुकतोय माझा," असं म्हणाला आणि नुकत्याच पाणी घातलेल्या कोबीवर पुन्हा पाणी घालू लागला.

आर्टुर घरात आला आणि त्यानं जाहीर केलं की पातं तो स्वतः साफ करणार, मूठही स्वतःच करणार, तीही लाकडाची, आणि तो वस्तरा हातात येईपर्यंत दाढीला दुसरं काहीही लावणार नाही.

"मूठ? तू करणार?" झेल्मानं विचारलं.

"पोलिगला जमतं, तर कुणालाही जमेल."

झेल्मानं खिडकीतून गुस्तावच्या घराकडे पाहिलं. तिला लागलेली काळजी दाढीची नव्हती.

झेल्मा ही विल्हेल्म क्युलची मुलगी. क्युल कारखान्यात पात्यांना पाणी द्यायचा. लालबुंद पातं भट्टीतून काढून तेलात बुडवायचं, किती लाल आणि किती वेळ हे नुसत्या डोळ्यानं ठरवायचं. तेराव्या वर्षी झेल्माच्या डोक्यावर चुंबळ आली आणि चुंबळीवर पाटी. बापानं पाणी दिलेली पाती पाटीत भरून उतार उतरायचा आणि वुपर नदीच्या काठच्या शाणघरांत पोचवायची. तिथली घासून झालेली पाती उचलून पुन्हा चढ चढायचा आणि मुठीवाल्यांकडे द्यायची. मुठी बसलेले वस्तरे परत कारखान्यात. गावातल्या शेकडो बायका हेच करायच्या. वीस किलो पोलाद डोक्यावर घेऊन हातांनी मोजे विणत चालायच्या. त्या वजनानं झेल्माची मान कायमची ताठ झाली होती. फोटोत ती नेहमी कुणावर तरी रागावल्यासारखी दिसे.

आर्टुर तिला शाणघरातच भेटला. दगडी चाकासमोर ओणवा बसलेला, भुवयांपर्यंत पिवळ्या चिखलानं माखलेला. त्याचं पहिलं वाक्य होतं, "खालच्या थरातली पाती ओली आहेत." तिचं पहिलं वाक्य होतं, "पाऊस मी नाही पाडला." दोन वर्षांनी त्यांचं लग्न झालं. संसारातलं बोलणंही साधारण याच चालीनं पुढं गेलं.

आर्टुर काही फार बोलणारा, फार मिळवणारा किंवा फार देखणा माणूस नव्हता. त्याच्यापाशी अभिमानाची एकच गोष्ट होती आणि ती तो दर रविवारी, पाहुणे असोत नसोत, सांगायचा. "माझं एकही पातं कधी परत आलं नाही." शाणघरावर बाँब पडला, मधली सहा वर्षं लढाईनं खाल्ली, मग विजेच्या दाढीयंत्रांनी वस्तऱ्यांचा धंदाच बुडवला, थोरला मुलगा ऑस्ट्रेलियात जाऊन पत्र लिहायचा थांबला. पण आर्टुरचं एकही पातं परत आलं नव्हतं. हे वाक्य त्याच्या पाठीचा कणा होतं.

आणि ते का परत आलं नाही, हे झेल्माला माहीत होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात ती पाटी उतरवून गुस्तावच्या शेगडीपाशी हात शेकत बसली होती. गुस्तावनं आर्टुरची पाती घेतली, एकेक पातं बंदुकीसारखं डोळ्यासमोर धरलं, एक डोळा मिटून टोकाकडून पाहिलं आणि काही एका डब्यात, काही दुसऱ्या डब्यात टाकली.

"हे काय करतोयस?"

"ही डावी, ही उजवी," गुस्ताव म्हणाला. "तुझ्या नवऱ्याची पाती एक तर डावीकडे वाकलेली असतात, नाहीतर उजवीकडे. केसाएवढीच. पण सरळ मूठ बसवली तर मिटताना धार पट्टीवर आपटणार. मग मी पट्टीच तेवढी वाकवतो. पातं बरोबर मधे बसतं."

"त्याला सांगितलंस?"

"सांगू?"

झेल्मानं शेगडीवरचे हात काढून घेतले. तेव्हा तिच्या लग्नाला चार महिने झाले होते आणि परत न आलेल्या पात्यांचं वाक्य तिनं सोळा रविवारी ऐकलं होतं. "नको," ती म्हणाली. त्या दिवसापासून ती जेव्हा जेव्हा साच्यात भाजून जाळीदार गोड वाफल करायची, तेव्हा पहिली चार गुस्तावच्या घरी जायची. कशाबद्दल, ते कधी कुणी बोललं नाही.

आता आर्टुर स्वतः मूठ करणार होता. तीही शाणेवरच्या माणसाच्या हातानं, म्हणजे काटेकोर सरळ.

परसातल्या खोलीत मोटरवर चालणारं एक छोटं चाक होतं. सडकी मूठ आर्टुरनं तोडून दूर फेकली, रिव्हेट उपटले आणि पातं मोकळं केलं. तीन दिवस तो त्या पात्याशी बसला होता. आधी तेल आणि बारीक कुरुंदाचा कागद, मग चाक, मग चुन्याची पूड लावलेलं चामडं. घासताना मधूनच पातं कानाशी नेऊन अंगठ्याच्या नखानं छेडायचा. चौथ्या दिवशी सकाळी त्यानं झेल्माला हाक मारली. पातं आरशासारखं लखलखत होतं. गंज गेला होता. दोन बारीक खड्डे राहिले होते, पण ते पाठीकडे. आर्टुरनं नख मारलं आणि पातं गायलं. बारीक, लांबलेला सूर. त्याच्या पांढऱ्या खुंटांच्या मधे सगळा चेहरा उजळला होता.

"चाळीस वर्षांचं आहे," तो म्हणाला. "आणि ऐक."

झेल्मानं ऐकलं. पातं खरोखरच सुंदर होतं. फक्त डावं होतं.

पहिली मूठ अंगणातल्या प्लमच्या फांदीची झाली. लाकूड ओलं होतं, म्हणून आर्टुरनं पट्ट्या वाळवायला झेल्माच्या ओव्हनमध्ये ठेवल्या. तिथं केक होता. केकला फर्निचरचा वास लागला आणि पट्ट्या तडकल्या. त्यातल्या त्यात बऱ्या दोन निवडून त्यानं पातं बसवलं, मिटलं. टक्. धार डाव्या पट्टीवर आपटली.

"लाकूड ओलं होतं," आर्टुर म्हणाला.

दुसरी मूठ पाव कापायच्या पाटाची झाली. झेल्मा बाजारातून आली तेव्हा पाव टेबलावर होता आणि पाट नव्हता. मेपलचं जुनं, हाडासारखं वाळलेलं लाकूड. आर्टुरनं मापं घेऊन पट्ट्या कापल्या, शेपटीकडे शिशाची पाचर घातली, दोन पितळी रिव्हेट ठोकले. काम इतकं नेटकं की झेल्मा बघतच राहिली. पातं मिटलं. टक्.

"सुरीचे वार खाऊन खाऊन लाकूड थकलंय," आर्टुर म्हणाला.

तिसऱ्या वेळी लाटणं गेलं. चौथ्या वेळी स्वयंपाकघरातल्या खुर्चीच्या पाठीची मधली पट्टी. बीच झाडाचं लाकूड होतं. झेल्मा नेहमीसारखी टेकून बसली आणि थेट मागं गेली.

त्याच दुपारी मुलगी इर्मगार्ट आली. लग्नाच्या सुवर्णमहोत्सवाच्या केकच्या ऑर्डरबद्दल बोलायला आली होती, पण बापाला पाहून दारातच थांबली.

"आई, हे काय? बाबा असे येणार हॉलमध्ये? शंभर माणसं येतायत, फोटोवाला येतोय!"

"त्यांना विचार."

"बाबा, तुमच्या जावयानं, योखेननं, तुम्हाला दाढीचं यंत्र दिलं होतं ना वाढदिवसाला? कुठंय ते?"

"खोक्यात," आर्टुर म्हणाला. "सुखात आहे."

"दोन मिनिटांत होते हो दाढी!"

"दोन मिनिटांत गवत कापतात. या घरात पन्नास वर्षं माझ्याच पात्यानं दाढी झाली आहे. फोटोतही तशीच होईल, नाहीतर होणार नाही."

इर्मगार्ट आईकडे वळली आणि हळूच म्हणाली, "पण हे एवढं का होतंय? लाकूड वाईट निघतंय का?"

"निघतंय," झेल्मा म्हणाली आणि तिला बाहेरपर्यंत पोचवायला गेली.

परत आली तेव्हा आर्टुर तिच्या आईच्या शिवणाच्या पेटीसमोर उभा होता. अक्रोडाच्या लाकडाची, पितळी कोपऱ्यांची पेटी. तो तिच्या झाकणावर बोटांनी हळूच टकटक करून ऐकत होता.

झेल्मानं पेटी उचलली, काखेत मारली आणि कोट न घालताच कुंपणाच्या फाटकातून गुस्तावच्या घरी गेली.

"मूठ करून दे त्याला," तिनं दारातूनच सांगितलं.

गुस्ताव बटाटे सोलत होता. "कुणाला? मला साहेब म्हणणाऱ्याला?"

"गुस्ताव, चौथी झाली. उद्या तो पलंगाला हात घालेल."

"घालू दे. पलंग सागाचा आहे, चांगली होईल मूठ."

"तुला हसू येतंय. तो अजून लाकडालाच दोष देतोय. पण लाकूड संपलं की माणूस विचार करायला लागतो. आणि एकदा का त्यानं पातं टोकाकडून पाहिलं..."

गुस्तावनं सुरी ठेवली. "मग काय होईल? मरेल?"

"मरणार नाही. दर रविवारी गप्प बसेल. मला ते नकोय."

गुस्तावनं सालं एका बाजूला सारली. "पन्नास वर्षं, झेल्मा. पन्नास वर्षं त्याच्या पात्यांचं पोक मी झाकलं. आणि तो कुंपणावर येऊन म्हणतो, तुमच्या मुठीनं खाल्लं. मी येतो. पण त्यानं मला 'तू' म्हटलं पाहिजे, आणि बोलावलं पाहिजे."

"रविवारी कॉफीला ये. बोलावणं माझं. 'तू'चं मी बघते. आणि लाकूडच वाईट आहे असं सांग. चारही."

"चारही?"

"चारही. चेरी घातलेली वाफल आहेत आणि वर दालचिनीचा भात."

"बरं," गुस्ताव म्हणाला. "चारही."

रविवारी झेल्मानं सगळं टेबल मांडलं. मनुकांचा पाव, काळा पाव, सफरचंदाचा आटवलेला रस, दुधातला भात, वाफल, आणि मधोमध तीन पायांचा कथलाचा कॉफीचा घडा, ज्याची तोटी तिच्या सासूच्या काळापासून ठिबकत होती. गुस्ताव टाय लावून आला. आर्टुरनं त्याला पाहिलं, झेल्माला पाहिलं.

"पोलिगसाहेब, बसा."

"आर्टुर," झेल्मा म्हणाली, "माझ्या टेबलावर कुणी साहेब नाही. साहेबाला वाफल मिळत नाही, साहेब म्हणणाऱ्यालाही नाही."

आर्टुरनं वाफलकडे पाहिलं. खुंटं आता दाढी झाली होती आणि तिच्यात कालच्या सुपातला एक तुकडा होता. "बस, गुस्ताव," तो म्हणाला. "तू पण म्हातारा झालास."

पहिलं वाफल संपेपर्यंत सगळं ठीक चाललं. मग आर्टुर उठला आणि त्यानं खिशातून चारही मुठींच्या पट्ट्या काढून बशांच्या मधे ओळीनं मांडल्या. प्लम, मेपल, लाटणं, खुर्ची. शेवटी पातं.

"तू मुठीवाला आहेस. सांग. का आपटतं?"

गुस्तावनं झेल्माकडे पाहिलं. "लाकूड वाईट," तो म्हणाला.

"कुठलं?"

"चारही."

"चारही? चार वेगवेगळी झाडं. एक माझ्या अंगणातलं, एक तीस वर्षं पावाखाली असलेलं. देवानं ठरवून चार झाडं वाईट केली?"

गुस्तावनं खुर्चीची पट्टी उचलली. उचलायला नको होती. पन्नास वर्षं ज्या हातांनी पट्ट्या पारखल्या, त्या हातांना खोटं बोलता येत नाही. त्यानं ती उलटी केली, कडेनं बोट फिरवलं, डोळ्याशी नेली.

"लाकूड वाईट नाही," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला. "कामही वाईट नाही. अरे, इतकी सरळ पट्टी मी आयुष्यात कापली नाही. तोच तर घोळ आहे ना. फार सरळ आहे."

"फार सरळ? कशासाठी फार सरळ?"

झेल्मानं टेबलाखालून गुस्तावला लाथ मारली. ती टेबलाच्या पायाला लागली आणि तोटीतून कॉफीचा थेंब पडला.

"तुझ्या पात्यासाठी," गुस्ताव म्हणाला.

आणि मग एकदा बूच निघाल्यावर सगळंच बाहेर आलं. डावा डबा, उजवा डबा, दिव्यावर तापवून वाकवलेल्या पट्ट्या, सगळं. झेल्मा हातात पिठाची पळी घेऊन उभी होती. तिला फक्त आर्टुर दिसत होता. त्यानं पातं उचललं. आयुष्यभर त्यानं पातं आडवं धरून उजेडात पाहिलं होतं, कारण शाणेवरचा माणूस पात्याचं पोकळ पोट पाहतो. आज त्यानं ते गुस्तावसारखं, बंदुकीसारखं धरलं, एक डोळा मिटला आणि टोकाकडून खिडकीच्या चौकटीशी लावून पाहिलं.

बराच वेळ पाहिलं. घरात वाफल जळल्याचा वास येऊ लागला. झेल्मा हलली नाही. त्याचे ओठ निळे पडतायत का, खाली बसतोय का, तिनं सगळं बघून घेतलं.

आर्टुरनं पातं खाली ठेवलं.

"हे भट्टीतलं आहे," तो म्हणाला.

"काय?"

"भट्टीतून वाकडं आलं, तर शाणेवर सरळ कसं होईल? माझ्या हातात जे आलं त्याचं मी सोनं केलं. पण पाणी देताना वाकलं ते वाकलं." त्याच्या चेहऱ्यावर रंग परत येत होता. "पाणी देणाऱ्याचं काम आहे हे, गुस्ताव! आणि मी आपला लाकडाला दोष देत बसलो."

"खरंय!" गुस्ताव सुटल्यासारखा म्हणाला. "भट्टीच! माझ्या कसं लक्षात आलं नाही? तेल गार असलं की पातं वाकतंच. ते पाणी देणारे, झोपा काढायचे रे भट्टीपुढं—"

"भट्टीपुढं कोण होतं," झेल्मानं विचारलं, "आठवतंय का दोघांना?"

तिच्या पळीतलं पीठ जमिनीवर ठिबकलं.

विल्हेल्म क्युलला जाऊन सव्वीस वर्षं झाली होती. भिंतीवर त्याचा फोटो होता, मिशा आणि तशीच ताठ मान. आर्टुरनं फोटोकडे पाहिलं आणि पटकन बशीकडे पाहिलं.

"तुझ्या बाबांबद्दल नाही म्हणत मी..."

"मग कुणाबद्दल? तुझ्या पात्यांना आणखी कोण पाणी द्यायचं?"

"क्युलच्या हातचं पातं वाकडं?" गुस्ताव घाईघाईनं म्हणाला. त्याची बशी रिकामी होती आणि वाफलचं ताट झेल्माच्या बाजूला होतं. "छे! शक्यच नाही. अर्ध्या गावाला त्यानं शिकवलं. भट्टीतून पाती सरळच निघायची."

"सरळच," आर्टुर म्हणाला. "आणि शाणेवर तर मी सरळच घासायचो."

"आणि माझ्यापाशी वाकडी यायची."

तिघंही विचार करू लागले. भट्टी आणि शाण यांच्यामध्ये, शाण आणि मूठ यांच्यामध्ये, काय होतं? दोघं म्हातारे हळूहळू, एकाच वेळी, झेल्माच्या डोक्याकडे बघू लागले.

"सन बत्तीसच्या हिवाळ्यात," आर्टुर जपून म्हणाला, "तू शाणघराच्या उतारावर पडली होतीस ना?"

"पाटी उपडी झाली होती," गुस्ताव म्हणाला. "मला आठवतंय. बर्फ होता."

"एकशे वीस पाती मी बर्फातून हातांनी वेचली होती," झेल्मा म्हणाली. "अजून खुणा आहेत."

"तेच," आर्टुर म्हणाला. "त्यातलंच हे पातं. बत्तीसचंच आहे."

"आणि बाकीची? वीस वर्षांतली?"

"उतार तर रोजचाच होता," गुस्ताव म्हणाला. "हादरे बसतात."

झेल्मानं तोंड उघडलं. पाणी दिलेलं पोलाद पडून वाकत नाही. ते मोडतं. काचेसारखं मोडतं. हे झोलिंगनमधलं शेंबडं पोरही सांगेल, आणि समोर बसलेल्या या दोघांना ते जितकं माहीत होतं तितकं जगात कुणालाच नसेल. एका वाक्याचं काम होतं.

दोघं तिच्याकडे बघत होते. कप फोडून रुमालाखाली लपवलेल्या पोरांसारखे. आर्टुरचे गाल गुलाबी झाले होते. बाप भिंतीवरून बघत होता. त्याला आता उलट उत्तर देता येणार नव्हतं. तिला येणार होतं, आजही आणि उद्याही.

"असेल," झेल्मा म्हणाली. "मी पाटी हलवत चालायचे."

"मी कधी बोललो नाही तुला," आर्टुर मोठ्या मनानं म्हणाला.

"नाही बोललास. आता मी बोलते. उद्या मला पाव कापायचा नवा पाट पाहिजे, लाटणं पाहिजे आणि खुर्चीला पाठ पाहिजे. माझ्या आईच्या पेटीकडे कुणी बघायचं नाही. बाबांचं नाव या टेबलावर पुन्हा निघायचं नाही. आणि हा वस्तरा आज, उठायच्या आत, मिटला पाहिजे."

गुस्तावच्या कोटाच्या आतल्या खिशात कानस आणि रिव्हेटची छोटी हातोडी आधीच होती. किटलीच्या वाफेवर त्यानं खुर्चीची पट्टी धरली, फडक्यात गुंडाळून अंगठ्यानं जरा रेटली, डोळ्याशी नेली, पुन्हा रेटली. आतल्या बाजूनं दोनदा कानस मारली.

"फार वाकवतोयस," आर्टुर म्हणाला.

"तू तुझं घास."

"घासून झालंय."

"मग गप्प बस आणि पीन धर."

रिव्हेट ठोकताना घड्याचं झाकण दर वेळी उडत होतं. मग गुस्तावनं वस्तरा आर्टुरच्या हातात दिला. आर्टुरनं पातं हळूहळू मिटलं. काहीच ऐकू आलं नाही. पातं दोन पट्ट्यांच्या बरोबर मधे, कुणालाही न शिवता जाऊन बसलं. आर्टुरनं ते उघडलं, मिटलं, उघडलं. जळलेलं वाफल दोघांनी अर्धं अर्धं करून खाल्लं आणि छान झालंय म्हणाले.

सुवर्णमहोत्सवाच्या सकाळी दाढीला पाऊण तास लागला. आधी कात्री, मग गरम पाण्याचं फडकं, मग फेस. झेल्मानं आरसा धरला. चामड्याच्या पट्ट्यावर लावलेली धार इतकी हलकी उतरत होती की नुसता कुजबुजल्यासारखा आवाज येत होता. पुसल्यावर आर्टुरचा चेहरा उकडून सोललेल्या बटाट्यासारखा निघाला. झेल्माला त्याच्या हनुवटीवरची खळी दिसली आणि ती आरसा खाली ठेवायला विसरली.

"काय झालं? राहिलं का कुठं?"

"नाही," ती म्हणाली. "चल, उशीर होतोय."

हॉलमध्ये शंभराच्या वर माणसं होती. निम्मे जुने शाणेवाले, घडवणारे, पाणी देणारे, मुठीवाले, पॉलिशवाले, आणि त्यांच्या बायका. फोटो झाले. सगळ्यांत झेल्मा रागावलेली आली. मग आर्टुर पेला घेऊन उठला. तो भाषण करणार हे कुणाला माहीत नव्हतं.

"माझं एकही पातं कधी परत आलं नाही," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण पुढं काही नसतं हे त्यांना ठाऊक होतं. पण आज आर्टुर थांबला नाही. "आणि ते सुद्धा, मंडळी, माझी बायको पाटी घेऊन बर्फात पडायची आणि पाती वाकवून आणायची, तरीसुद्धा! गुस्तावला विचारा. मुठी वाकवून वाकवून त्याचे अंगठे गेले. पण पन्नास वर्षांत मी हिला शब्दानं बोललो नाही."

वर उचललेले पेले खाली आले. पाणी दिलेलं पातं पडून वाकत नाही हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. शाणेवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. पाणी देणारे टेबलावरच्या फुलांकडे पाहू लागले. मग एका कोपऱ्यातून कुणीतरी गंभीरपणे मान हलवली, मग दुसऱ्यानं, आणि पाहता पाहता साठ-सत्तर म्हातारे जाणकारपणे माना हलवू लागले. "हादरे बसतात," कुणीतरी म्हणालं. "उतार वाईटच तो."

इर्मगार्ट आईच्या कानाशी येऊन म्हणाली, "आई, खरंच का ग?"

"केक वाट," झेल्मा म्हणाली.

ती स्वतः केकचं ताट घेऊन मागच्या टेबलाशी गेली. तिथं सहा-सात म्हाताऱ्या बसल्या होत्या, सगळ्या पाट्या वाहिलेल्या, सगळ्यांच्या माना ताठ. कडेला नव्वदीची फ्रीडा बसली होती. तिनं तीस वर्षं चार मुठीवाल्यांचा माल नेला होता आणि तिचा नवरा पाणी देणारा होता. तिनं झेल्माला हातानं खाली वाकायची खूण केली.

"तुझ्या पाटीत नुसती पातीच वाकायची ना?" ती म्हणाली. "माझ्या पाटीत तर मुठीसुद्धा वाकायच्या."

शेजारची हसली. मग तिच्या शेजारची. ते हसू टेबलाच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलं. तिथं बसलेली एक जण डोळे पुसत म्हणाली की तिच्या पाटीत तर एकदा कात्र्यांना गंजही चढला होता, अर्ध्या तासात, कडक उन्हात. झेल्मा ताट हातात धरून उभी होती. तिनं खांदे उडवायचा प्रयत्न केला, पण ते हलतच राहिले, आणि शेवटी फ्रीडाच्या शेजारी जागा करून तिला खाली बसावंच लागलं.

पुढच्या टेबलावरून आर्टुर आणि गुस्ताव माना वळवून बघत होते.

"काय झालं ग?" आर्टुरनं ओरडून विचारलं.

"काही नाही," झेल्मा ओरडली. "तू बोल तुझं."